गाडी मित्राची, वाट आंबोलीची

वाटीभर साखर, लग्नकार्यातली मोठी पातेली, माळ्यावर चढायची शिडी, या वस्तू शेजारीपाजारी मागायला आपल्याकडे कुणाला संकोच वाटत नाही आणि देणाराही फारसा विचार करत नाही. हळूहळू या यादीत चारचाकी गाडीही येऊन बसली आहे. "तीन-चार दिवस गाडी देतोस का? गोव्याला जाऊन येतो" असे जुन्या मित्राने विचारले, की नाही म्हणणे जिवावर येते. एरवीही गाडी सोसायटीच्या आवारात धूळ खात उभीच असते. मग किल्ली हातावर ठेवली जाते, "टाकी भरून आणतो हं" असे आश्वासन मिळते आणि व्यवहार पुरा होतो.

साखरेची वाटी परत आली नाही तर फार तर वाटी जाते. गाडीचे तसे नाही. ती कुणीही चालवो आणि कुठेही जावो, तिच्यावरचे मालकाचे नाव पुसले जात नाही.

हे नाव वाटेत कुठे कुठे आडवे येते, ते पाहण्यासाठी अशीच एक गाडी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यातली माणसे कल्पनेतली आहेत. रस्ता, नाके आणि कायदे मात्र खरे. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या आहेत. कोथरूडच्या एका सोसायटीतून पहाटे साडेपाचला पांढरी गाडी बाहेर पडते. मागच्या सामानात दशम्या, लसणाची चटणी, चार छत्र्या. पुढे मित्र आणि त्याची बायको, मागे सतरा वर्षांचा मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी. गाडीचा मालक गॅलरीतून हात हलवतो. त्याची बायको एवढेच विचारते, "भाऊजींचं लायसन्स बघितलंत का?" यावर मालक नुसता हसतो. पंचवीस वर्षांच्या मित्राकडे लायसन्स मागायचे? काहीतरीच!

फोन वाजत राहतो

कात्रजचा नवा बोगदा मागे पडला, की पावसाळ्यात डोंगर असे हिरवे दिसतात की खिडकीची काच खाली केल्याशिवाय राहवत नाही. पण इकडे कोथरूडला मालकाच्या हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्याचा फोन वाजतो. खेड-शिवापूरचा टोल कापला गेला. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि तो गाडीच्या काचेवर चिकटवलेला असतो. पैसे जातात ते मालकाच्या खात्यातून. मित्राने नाक्यावर खिशात हात घालायचा प्रश्नच येत नाही, म्हणून त्याच्या ते लक्षातही येत नाही.

त्यामुळे एक गंमत मात्र होते. मालक घरबसल्या गाडीबरोबर प्रवास करू लागतो. सारोळ्याला नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो. पुढे खंबाटकी. पुण्याहून जाणाऱ्या गाड्या घाट चढून जातात आणि साताऱ्याकडून येणाऱ्या बोगद्यातून येतात. घाटमाथ्यावरून उतरले की रस्ता मोकळा आणि सरळ होतो, ढग बाजूला सरतात आणि पाय आपोआप जड होतो. याच उताराच्या पुढे पोलिसांची वेग मोजणारी गाडी झाडाच्या सावलीला उभी असली, तर ती दिसेपर्यंत फोटो निघालेला असतो. आनेवाडीचा टोल, मालकाचा फोन पुन्हा वाजतो. अजिंक्यतारा डावीकडे की उजवीकडे यावरून बहीणभावाची जुंपते. मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत असते: एमएच ११ साताऱ्याची, ५० कराडची, ०९ कोल्हापूरची. तळबीडजवळचा तासवडे नाका, मग कराड. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन मिळतात, म्हणून तो प्रीतिसंगम. ऑगस्टात दोन्ही नद्या तांबड्या पाण्याने फुगलेल्या असतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी काठावरच आहे. महामार्गावरून दोन-तीन किलोमीटर आत जायचे कष्ट घेणारे थोडे, पण घेतले तर वाया जात नाहीत.

वारणेच्या पलीकडचा किणी टोल चौथा. तोवर मालकाने एक शहाणपणाचे काम केले आहे. कपाटातून विम्याची पॉलिसी काढून तो ती वाचायला बसला आहे. बहुतेकांनी ती हप्ता भरल्याच्या दिवशी ज्या पाकिटात टाकली, त्याच पाकिटात ती असते.

पॉलिसी वाचून पहिल्यांदा धीर येतो. आपल्याकडे विमा माणसाचा नव्हे, गाडीचा असतो. 'चालक' या कलमात मालकाचे नावही नसते. मालकासह कोणीही, असे लिहिलेले असते. अट एकच: अपघाताच्या वेळी त्या माणसाकडे त्या वर्गाचा चालू परवाना हवा आणि परवाना धारण करायला त्याला बंदी केलेली नसावी. म्हणजे मित्राने गाडी चालवली म्हणून विमा बंद पडत नाही. समोरच्याचा जीव गेला किंवा तो जखमी झाला, तर त्याच्या भरपाईला पॉलिसीत रकमेची कमाल मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर खासगी गाडीला साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत कवच असते. हा थर्ड पार्टी विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केला आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली, तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि ही शिक्षा जशी चालवणाऱ्याला तशी ती चालवू देणाऱ्यालाही. मालकाने तारीख बघितली. विमा पुढच्या मार्चपर्यंत आहे. पियूसीही आहे. त्याने दुसरा चहा मागितला.

कोल्हापुरात गाडी शहरात शिरते. श्रावण असल्यामुळे तांबडा-पांढरा रस्सा हुकतो, त्याची भरपाई मिसळीवर होते. कट मागून घेतला की नाकाडोळ्यांतून पाणी येते आणि तरीही दुसरी वाटी मागवली जाते. अंबाबाईचे दर्शन बाहेरूनच, कारण रांग मोठी. मग कागल, त्यापुढे दूधगंगा आणि कोगनोळीचा टोल. हा कर्नाटकातला. गाडी आता दुसऱ्या राज्यात आहे, दुकानांच्या पाट्या कानडीत आहेत आणि दुकानदार मराठीत बोलतो आहे. निपाणीत तंबाखूच्या वखारींचा उग्र वास काचा बंद केल्या तरी आत येतो. इथून महामार्ग सोडून उत्तूरमार्गे आजऱ्याकडे वळायचे. पुन्हा महाराष्ट्र. आणि इथून पुढे टोल नाही, म्हणजे मालकाचा फोनही गप्प.

स्टिअरिंग कुणाच्या हाती?

आजऱ्याची वाट म्हणजे या प्रवासातला सर्वांत देखणा तुकडा. भातलावणी संपलेली असते, खाचरांत पाणी तुंबलेले आणि त्यात ढगांची सावली. इथला घनसाळ तांदूळ असा सुगंधी की एका घरात भात शिजला तर चार घरांना कळावे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हिरण्यकेशी नदी रस्त्याची सोबत करत असते. ही नदी उगम पावते आंबोलीला, पण समुद्र वीस-तीस मैलांवर असताना त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते.

आजऱ्याला चहा घेऊन गाडी निघते, तेव्हा चाकामागे मित्र नाही. तो पहाटेपासून चालवून थकला आहे. त्याची बायको म्हणते, "आंबोलीपर्यंत मी घेते." ती चांगली चालवते, त्याच्यापेक्षा सावकाश.

नेमक्या याच वेळी कोथरूडमध्ये मालक पॉलिसीचे तेच कलम दुसऱ्यांदा वाचतो आहे. 'चालू परवाना'. बायकोचा पहाटेचा प्रश्न त्याला आता आठवतो. तो मित्राला फोन लावतो. आंबोलीच्या वाटेवर फोन लागत नाही.

ही शंका अस्थानी नाही. परवाना एकदा काढला की जन्माचा झाला, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी काढलेला खासगी गाडीचा परवाना वीस वर्षांसाठी किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यातले जे आधी येईल तोवर चालतो. कॉलेज संपताना ज्यांनी परवाना काढला, त्यांची वीस वर्षे ऐन चाळिशीत, मुलांच्या दहावी-बारावीच्या धामधुमीत पुरी होतात. कुणाच्या लक्षात राहणार? पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस परवाना जिवंत मानला जाई. ती सवलत २०१९ मध्ये गेली. आता मुदतीआधी एक वर्ष आणि नंतर एक वर्ष नूतनीकरण करता येते, पण मुदत संपल्यावर नूतनीकरण होईपर्यंत गाडी हातात घेता येत नाही. परवान्याशिवाय चालवण्याचा दंड पाच हजार रुपये, आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'मला माहीत नव्हते' हे म्हणायला बरे वाटते, पण त्यापुढचा प्रश्न ठरलेला असतो: "तुम्ही विचारले होते का?"

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे आणि राज्यात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या गावांत तिची गणना होते. ऑगस्टात इथे पाऊस पडतो असे म्हणण्यापेक्षा गावच ढगात असते असे म्हणणे बरे. हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडात एक छोटा मासा सापडला, जो शास्त्रज्ञांना पूर्वी माहीत नव्हता. त्याला नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. रात्री रस्त्यावर वाघासारखे पट्टे असलेला एक बेडूक दिसतो, तोही इथलाच. हौशी मंडळी टॉर्च घेऊन तो पाहायला येतात. त्याच रस्त्यावरून बिचाऱ्याच्या अंगावर चाके घालत इतर हौशी मंडळी धबधब्याकडे जातात.

मुख्य धबधब्यापाशी सुट्टीच्या दिवशी जत्रा असते. मक्याची कणसे, भजी, रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या केलेल्या गाड्या, मधून वाट काढणाऱ्या एसट्या. धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा अचानक जवळ येतो. दाणोलीकडून चढणारा एखादा दुचाकीस्वार, डोक्यावर प्लास्टिकचा इरला-टोप, वळणावर एकदम समोर उभा राहतो.

समजा, तिथे गाडी त्याला लागली आणि त्याचा पाय मोडला. कायद्याने पहिले काम जखमीला दवाखान्यात नेण्याचे, मग पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवण्याचे. पंचनामा होतो, गाडी ठाण्यात लागते, तपासणीनंतर ती सोडवून आणावी लागते, आणि त्यासाठी कागदपत्रांसह हजर व्हावे लागते ते नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे त्याला. जखमीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, तर समोरच्या बाजूला तीन नावे येतात: चालवणारी, मालक आणि विमा कंपनी. कोथरूडच्या गॅलरीतून हात हलवणारा माणूस अशा रीतीने सिंधुदुर्गातल्या एका खटल्यात दाखल होतो.

मग परवाना नसेल तर? जखमीचे हाल होऊ नयेत, ही न्यायालयांची भूमिका आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले, की चालकाकडे चालू परवाना नव्हता एवढे दाखवून कंपनी हात झटकू शकत नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हेही तिने सिद्ध केले पाहिजे. पुष्कळ प्रकरणांत न्यायालय कंपनीला सांगते, की आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे ज्याने लायसन्स मागितले, पाहिले आणि फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवला, त्याच्या हाती काही तरी असते. ज्याने नुसते हसून किल्ली दिली, त्याच्याकडे वसुलीची नोटीस येऊ शकते. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा तर कंपनी सरळ नाकारू शकते.

गाडी उसनी नेणाऱ्याचे काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. मराठी घरांतल्या आजींना इरकली लुगड्यामुळे माहीत असलेले कर्नाटकातले इलकल गाव आहे. तिथून एक माणूस दुसऱ्याची मोटरसायकल मागून घेऊन आपल्या गावी निघाला. वाटेत पुढे चाललेल्या बैलगाडीवर आदळून तो गेला. त्याच्या बायकोने भरपाई मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००९ च्या निकालात न्यायालय म्हणाले, की गाडी उसनी घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो. मालक स्वतःच्या गाडीच्या विम्याकडे 'तिसरा माणूस' म्हणून भरपाई मागू शकत नाही, तसा तोही दोष सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या कलमाखाली ती मागू शकत नाही. २०२० मध्ये पुन्हा तसाच निकाल आला. तेव्हा मृताच्या घरच्यांना पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात कवचाचे एक लाख रुपये तेवढे मिळाले. आता हे कवच पंधरा लाखांचे झाले आहे, पण ते परवानाधारक मालक-चालकासाठी आहे. मित्रासाठी आणि प्रवाशांसाठी वेगळा हप्ता भरून जादा कवच घ्यावे लागते आणि ते घेतले आहे का, हे बहुतेक मालकांना सांगता येत नाही. गाडी मागणाऱ्याने स्वतःचा अपघात विमा काढलेला असला, तर तो अशा वेळी कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही.

सुदैवाने त्या वळणावर काही झाले नाही. सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी गाडी थांबली आणि दोन तासांनी मालकाचा फोन लागला. मित्राने पाकिटातून परवाना काढून वाचून दाखवला. त्याची मुदत होती. मग बायकोने तिचा काढला. वीस वर्षे जुलैत पुरी झाली होती. गेल्या महिन्यात. ती काही बोलली नाही. परवाना पर्समध्ये ठेवून तिने पर्सची चेन लावली आणि त्यानंतर परत पुण्याला येईपर्यंत ती मागच्या सीटवर मुलीशेजारी बसली. चितारआळीत लाकडी फळे आणि भातुकली घेताना मात्र तिने घासाघीस केली नाही, यावरून मित्राने काय ते ओळखले.

काळी पाटी, पांढरी पाटी

बांद्याला तेरेखोल ओलांडली, की पत्रादेवीचा नाका. १५ ऑगस्ट १९५५ या दिवशी गोवामुक्तीसाठी देशभरातून आलेले सत्याग्रही इथे हद्द ओलांडत होते आणि पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. नंतर गोवा स्वतंत्र व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावे लागले. हुतात्म्यांचे स्मारक रस्त्यालगतच आहे. पंधरा ऑगस्टलाच इथून जाणाऱ्या गाड्यांपैकी किती थांबतात, ते न मोजलेले बरे. आपली गाडी थांबली, तीही मुलगी "मला शू लागली" म्हणाली म्हणून.

गोव्यात शिरल्यावर मुलीच्या पाट्यांच्या खेळाला नवा रंग येतो: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे. ही गाडी रीतसर परवाना घेऊन, स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेली. खासगी गाडीची पाटी पांढरी. पण पांढऱ्या पाटीच्या गाड्याही भाड्याने दिल्या जातात, आणि त्या पकडण्यासाठी तपासणी होते. म्हणून म्हापशाजवळच्या नाकाबंदीत पुण्याची पांढऱ्या पाटीची गाडी आणि चालकाचे वेगळेच नाव दिसले, की पोलीस विचारणारच, "गाडी कुणाची?"

"मित्राची."

"भाडं किती ठरलं?"

हा प्रश्न अपमानाचा वाटला, तरी त्यात तथ्य आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने देणे स्पष्टपणे वगळलेले असते. मित्राने जाताना पेट्रोल भरले, येताना टाकी भरून दिली, तर ते भाडे होत नाही. पण 'मित्राच्या मित्राला' दिवसाला अमुक रुपये ठरवून गाडी दिली, की तो व्यवहार भाड्याचाच. मग अपघात झाला तर दुरुस्तीच्या पैशांची आशा धरू नये. मालकाने सहीचे चार ओळींचे पत्र दिलेले असले, की अमुक माझा मित्र, अमुक तारखांना माझी गाडी माझ्या परवानगीने, विनामोबदला वापरत आहे, तर हा संवाद लवकर संपतो. असे पत्र हवेच असा कायदा नाही. पण दुसऱ्याची गाडी परवानगीवाचून नेणे हा गुन्हा आहे, आणि परवानगी दिली होती हे सांगायला मालक दरवेळी फोनवर सापडेलच असे नाही. नोंदणीपुस्तक, पॉलिसी आणि पियूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी चालते. पण ते मालकाच्या डिजिलॉकरमध्ये असते. मित्राकडे प्रती आधीच द्याव्यात.

मोरजीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मुलाने हळूच विचारले, "बाबा, वाळूवर एक चक्कर मारू? रिकामंच आहे." अठरा पुरे व्हायला त्याला सात महिने आहेत. एरवी बाप कदाचित म्हणालाही असता, की बरं, दहा मिनिटं. गोव्यात वाळूत गाडी घालायला बंदी आहे. भरतीचे पाणी चढून रुतलेल्या गाड्या बाहेर ओढण्याची दृश्ये तिथे नवी नाहीत आणि इंजिनात पाणी शिरून झालेला बिघाड साध्या पॉलिसीत बहुधा बसत नाही, त्याला वेगळे कवच लागते. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलाचे वय. २०१९ च्या दुरुस्तीत आलेले एक कलम मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर घराघरात पोचले. अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. आपल्या माहितीवाचून किंवा आपण काळजी घेऊनही हे घडले, असे सिद्ध करायची जबाबदारी पालकाची किंवा मालकाची. गॅलरीत उभा असलेला माणूस इथेही आहेच. बापाने किल्ली खिशात टाकली आणि मुलाला भजी घ्यायला पाठवले.

रात्रीच्या जेवणाबरोबर एखादा पेला, हा गोव्यातला नेहमीचा मोह. चालवणारा नशेत असेल, तर पॉलिसी गाडीच्या नुकसानीचे पैसे देत नाही, आणि यात 'मालकाच्या संमतीने चालवणारा' असे शब्द मुद्दाम घातलेले असतात. २००७ साली दिल्लीत इंडिया गेटजवळ एका कंपनीच्या मालकीची पोर्शे गाडी उलटून जळाली. चालवणारा मालक नव्हता. श्वासाची यंत्रावर तपासणी झालेली नव्हती, तरी इतर पुराव्यावरून तो दारूच्या अमलाखाली होता, हे कंपनी दाखवू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये धरले आणि दावा फेटाळला गेला. दंडाचे म्हणाल तर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. हा मात्र चालवणाऱ्याचा.

किल्ली परत

अखेर जे झाले ते अगदी किरकोळ. म्हापशाच्या बाजारात, चवळीच्या शेंगा, चोरीस सॉसेज आणि मडक्यांच्या ढिगांमधून गाडी मागे घेताना ती उभ्या स्कूटरला लागली. स्कूटरवाल्याला मित्राने तिथेच पैसे दिले. गाडीचा मागचा बंपर चिरला आणि एक दिवा फुटला. पुण्याला आल्यावर गॅरेजवाल्याने नऊ हजार सांगितले.

"क्लेम टाकू की," मित्र म्हणाला. "विमा कशाला असतो?"

मालकाने तोवर पॉलिसी पाठ केली होती. त्याने कागदावर हिशेब मांडला. बंपर प्लॅस्टिकचा. झिजेपोटी अशा भागांची निम्मी किंमत कंपनी कापते, जादा हप्त्याचे कवच घेतले नसेल तर. वर पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये मालकाचेच. नऊ हजारांतले हाती लागणार फार तर चार. आणि त्यापायी जाणार काय? सलग पाच वर्षे दावा न केल्यामुळे हप्त्यात मिळणारी पन्नास टक्क्यांची सूट. ही सूट गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीच्या नव्हे. एकदा दावा केला की पुढच्या वर्षी ती शून्य, मग क्रमाने वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, आणि सहाव्या वर्षी पुन्हा पन्नास. फरकांची बेरीज केली तर एका वर्षाच्या हप्त्याच्या सव्वापट होते. हप्ता आठ हजारांचा धरला तर दहा हजार. चार हजारांसाठी दहा हजार! आणि ही सूट मालकाने जमवलेली; मित्राच्या नावावर तिची कुठे नोंदही नाही.

मित्राने कागद दोनदा वाचला आणि नऊ हजार भरले. थोडा नाराज झाला असावा. आठवडाभर त्याचा फोन आला नाही. मग एके दिवशी संध्याकाळी तो स्वतः आला, बरोबर आमसुलांची पिशवी आणि बायकोच्या नूतनीकरणाची पावती. "तुझ्या बायकोला दाखव," म्हणाला.

तीन आठवड्यांनी मालकाच्या फोनवर ई-चलन आले. खंबाटकीच्या पलीकडचा उतार, सकाळची वेळ, पाटीचा स्वच्छ फोटो, वेगाचा आकडा, दोन हजार रुपये. कॅमेऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही, त्यामुळे चलन नोंदणीकृत मालकाच्याच नावे निघते. त्या वेळी गाडी कोण चालवत होते, हे पोलिसांनी विचारल्यास सांगणे कायद्याने मालकाचे कर्तव्य आहे, आणि सांगता येते ते नेमकी तारीख-वेळ लिहून ठेवलेली असेल तर. थकलेली चलने पुढे गाडी विकताना, नावावर करताना आडवी येतात. आणि तेव्हा, चार वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी गाडी कुणाकडे होती, हे कुणालाच आठवत नाही.

मालकाने फोटो मित्राला पाठवला. पाच मिनिटांत दोन हजार जमा झाले, सोबत हात जोडल्याचे चित्र. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी आणि कोगनोळी, जातानाचे आणि येतानाचे, हा टोलचा हिशेब मात्र दोघांपैकी कुणीच काढला नाही.